चार चिठ्ठ्यांच्या मॅडम

मुलाखतीत मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या घरी कचरा कोण काढतं?"

मी एमएस्सीचे गुण, दोन पोस्टरं, थोडक्यात हुकलेलं पदक असं बरंच काही पाठ करून गेलो होतो. कळव्याहून निघताना वडिलांनी हट्टाने इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता. त्यातलं काहीच कामाला आलं नाही.

"आई काढते," मी म्हणालो.

"आणि मग तो जातो कुठे?"

"घंटागाडी येते. पुढचं... पुढचं नाही माहीत."

"मग माझा विषय कळायला तुम्हाला वेळ लागेल," असं म्हणून त्यांनी माझी फाइल मिटली. मला वाटलं, गेली संधी. दुसऱ्या दिवशी फोन आला: सोमवारपासून या, आणि येताना रक्तगटाचं कार्ड आणा. माझा गट एबी पॉझिटिव्ह आहे. माझी निवड त्यावरच झाली असावी असा मला पुढे बरेच दिवस संशय होता. आता संशय राहिलेला नाही, खात्री आहे.

प्रयोगशाळा ठाण्यातल्या एका संस्थेच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर होती. तिथे मलेरियाचा परजीवी काचेच्या बाटल्यांमध्ये, माणसाच्या रक्तात वाढवला जायचा. तो काय खातो, कसा वाढतो, यावर जगभर माणसं अभ्यास करतात. मॅडमचं म्हणणं असं, की तो टाकतो काय आणि कसं, हे फार थोड्यांना विचारावंसं वाटतं. परजीवी तांबड्या पेशीत शिरतो आणि तिथे झपाट्याने वाढतो. त्या घाईत त्याची स्वतःचीच कितीतरी प्रथिनं मोडतात, वाकडी होतात, एकमेकांत अडकतात. तो पसारा वेळच्या वेळी उचलला नाही तर तो त्यातच गुदमरून मरतो. म्हणून त्याने सफाईचं एक खातं ठेवलं आहे. मोडक्या प्रथिनाला एक छोटं प्रथिन चिकटवलं जातं, त्याला दुसरं, मग तिसरं. अशी चारेक लागली की त्या प्रथिनाचं भवितव्य ठरतं. ते एका नळकांड्यात ओढलं जातं आणि त्याचे तुकडे तुकडे होतात. या नळकांड्याला शास्त्रात लांबलचक नाव आहे. मॅडम त्याला चरक म्हणायच्या आणि चिकटणाऱ्या छोट्या प्रथिनांना चिठ्ठ्या.

हे त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं ते नौपाड्यातल्या एका रसवंतीगृहात. एप्रिलचे दिवस होते. मी आणि स्नेहल, म्हणजे माझ्याआधी दोन वर्षं तिथे लागलेली विद्यार्थिनी, असे दोघं त्यांच्यासमोर बसलो होतो. रस आला तरी मॅडम ग्लासकडे बघेनात. ऊस लावणाऱ्या माणसाला त्या म्हणाल्या, "भाऊ, तो वाकडा आहे ना, तो लावा बरं." त्याने वाकडा ऊस आधी गुडघ्यावर धरून सरळ केला आणि मग चरकात घातला. "बघितलंत?" मॅडम आम्हाला म्हणाल्या. "आधी सरळ करतो, मग आत ओढतो. वाकडं तसंच घातलं तर चरक अडकेल. आणि आपला परजीवी चोथाही वाया घालवत नाही. तुकड्यांचे परत सुटे कण करतो, त्यातून नवी प्रथिनं बांधतो." तो माणूस गोंधळून म्हणाला, "म्हणजे रस बिघडलाय का, ताई?" मॅडमनी त्याची समजूत काढली आणि एका दमात ग्लास रिकामा केला. त्या जेवायच्याही तशाच, उभ्याने, चार मिनिटांत.

कल्याणला आधारवाडीजवळ त्यांचं घर होतं. लग्न केलेलं नव्हतं, आई सोबत असे. वडील डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात फिटर होते, ते लवकर गेले. डंपिंगचा डोंगर लहानपणापासून त्यांच्या खिडकीतून दिसायचा आणि उन्हाळ्यात त्याचा धूर थेट घरात यायचा. "तुम्हा लोकांचा कचरा घंटागाडीत जातो आणि संपतो," त्या एकदा म्हणाल्या. "आम्हाला तो पुढेही दिसायचा." हे त्या रागाने म्हणाल्या नव्हत्या. त्यांचा राग वेगळ्या गोष्टींसाठी राखून ठेवलेला असे.

चिठ्ठ्यांची पद्धत त्यांनी आमच्यावरही लागू केली होती. प्रयोगशाळेतली कुठलीही वस्तू बिघडली, तडकली, अडू लागली की जो बघेल त्याने तिच्यावर पिवळी चिठ्ठी लावायची, तारीख घालून. एका माणसाने एकच. वेगवेगळ्या हातांच्या चार चिठ्ठ्या झाल्या की ती वस्तू त्याच दिवशी बाहेर. त्यात मायाबिया नाही, चर्चा नाही. तीन असतील तर मात्र ती वापरायची आणि दुरुस्तीचा प्रयत्न करायचा. आमचे मामा, म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई, शीळफाट्याकडच्या गावचे. या पद्धतीने त्यांचं डोकं उठायचं. "यो पंखा टाकू का ठेवू, एकदाचं सांगा ना मॅडम! तीन चिठ्ठ्या लावून दोन महिने फिरतोय यो," ते ओरडायचे. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "चौथी तुम्ही लावा." मामा लावायचे नाहीत. पंखा त्यांच्या डोक्यावरच होता.

माणसांनाही चिठ्ठ्या होत्या. आमच्या नोंदवहीच्या पहिल्या पानाच्या मागे त्या स्वतः लावायच्या. बेफिकिरीला एक, खोटेपणाला एक. चार झाल्या की नमस्कार. माझ्याआधी दोघांना असं घालवल्याचं स्नेहलने मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं. पण याला दुसरी बाजूही होती. परजीवीच्या पेशीत चिठ्ठ्या लावणारे असतात तसे काढणारेही असतात. प्रथिन सुधारण्यासारखं असेल तर त्याची चिठ्ठी काढून त्याला परत कामाला लावतात. म्हणून मॅडमचा नियम होता: आपली चूक आपण होऊन येऊन सांगितली तर आधीची एक चिठ्ठी निघते. स्नेहलच्या दोन अशाच निघाल्या होत्या. "जाऊन सांगायचं रे सरळ, खात नाहीत त्या," ती म्हणायची. ती कल्याणची, चुणचुणीत, बिनधास्त बाई. तिला सगळं सोपं वाटायचं.

माझ्या तीन झाल्या होत्या आणि एकही निघाली नव्हती. पहिली, बाटलीचं झाकण सैल ठेवलं म्हणून. दुसरी, उशिरा आलो म्हणून. तिसरीबद्दल बोलायला मला आजही जड जातं. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवरच्या रक्ताच्या हजार पेशी मोजून त्यात किती परजीवी आहेत ते लिहायचं असतं. मी साडेतीनशे मोजल्या आणि बाकीचं अंदाजाने लिहिलं. मॅडमनी तीच काच परत मोजली. मला बोलावलं, वहीत चिठ्ठी लावली आणि एवढंच म्हणाल्या, "अंदाज करायला तुम्ही कशाला हवे होतात? तो मी घरी बसून केला असता." त्यानंतर त्यांनी मला मोजणीचं काम दिलं नाही. बाटल्या धुणं, काचा रंगवणं आणि रक्त देणं एवढंच माझ्याकडे राहिलं.

त्यांच्या कॅलेंडरवर वार नसत. हा परजीवी दोन दिवसांत एक फेरी पुरी करतो. पेशीत शिरला की अंगठीसारखा दिसतो, वाढतो, मग पेशी फोडून बाहेर पडतो आणि पिल्लं नव्या पेशींत शिरतात. म्हणून मॅडमचे दिवस दोनच: अंगठीचा आणि फुटण्याचा. स्नेहल लग्नपत्रिका घेऊन गेली तेव्हा त्यांनी तारीख बघितली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "अगं, हा फुटण्याचा दिवस आहे. एक दिवस अलीकडे नाही का घेता येणार?" स्नेहलच्या होणाऱ्या सासूबाईंना हे कसं सांगायचं हा प्रश्नच होता. लग्नाला त्या आल्या नाहीत. मामांच्या हाती साडी पाठवली आणि साडीत एक चिठ्ठी, पांढरी, त्यावर 'सुखी राहा, आणि गुरुवारी पेज बदलायला या.'

पेज म्हणजे परजीवीचं अन्न. गुलाबी रंगाचं पातळ द्रावण, त्यात माणसाच्या रक्तातलं सीरम, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारं पिवळसर पाणी, दहा टक्के आणि इतर जंतू वाढू नयेत म्हणून एका अँटिबायोटिकचे थोडे थेंब. परजीवीला त्रास न देणारं असं ते ठरावीक अँटिबायोटिक. पेज मॅडम स्वतः करायच्या. हे काम त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. सीरम एबी गटाचं लागतं आणि प्रयोगशाळेत त्या गटाचा मी एकटाच होतो. बाहेरून आणलेल्या सीरमवर इतर परजीवी वाढायचे, माजिवडा मात्र कुरकुर करायचा.

माजिवडा हे एका परजीवीचं नाव. ज्याच्या रक्तातून तो घेतला तो माजिवड्याच्या एका टॉवरच्या बांधकामावरचा मजूर होता. तो इस्पितळात फार उशिरा पोचला. नातेवाइकांच्या सहीने नमुना घेतला होता. तिसऱ्या दिवशी माणूस गेला आणि परजीवी आमच्याकडे राहिला, नऊ वर्षं. एकदा कुणीतरी पाहुण्या प्राध्यापकांनी भावुक होऊन म्हटलं, की त्या गरीब माणसाची ही शेवटची खूण तुम्ही जपलीत. मॅडम इतक्या चिडलेल्या मी त्याआधी बघितलेल्या नव्हत्या. "खूण कसली? याने त्या माणसाला मारलंय. मी याला जपत नाही, याची चौकशी करतेय." प्राध्यापक चहा न घेताच गेले.

चौकशी अशी होती. मलेरियावरचं आजचं मुख्य औषध परजीवीची प्रथिनं एका झटक्यात मोडून टाकतं. सफाईखात्याला एवढा पसारा आवरत नाही आणि परजीवी मरतो. काही परजीवी मात्र तग धरतात. कोवळ्या अंगठीच्या वयात ते सगळी कामं थांबवून बसतात आणि पसारा आवरून झाला की पुन्हा उठतात. माजिवडा यात फारच तरबेज होता. मॅडमचा कयास असा, की याचं सफाईखातंच वेगळं आहे, आणि औषधाबरोबर त्याचा चरक अडवला तर त्याची मिजास उतरेल. सहा तास औषध द्यायचं, धुऊन टाकायचं, तीन दिवसांनी किती वाचले ते मोजायचं. नुसत्या औषधाने माजिवडा वाचायचा. चरक अडवला की एकही नाही. दोनदा असंच आलं. "तीनदा आलं तरच आलं," मॅडम म्हणायच्या. तिसरी खेप व्हायची होती. त्या आयुष्यभर जे म्हणत आल्या होत्या ते त्यावर ठरणार होतं.

त्या वर्षी आणखी एक घोळ झाला होता. परजीवीच्या कुप्या द्रव नायट्रोजनच्या पिंपात गोठवून ठेवतात, म्हणजे बाटल्यांतले मेले तरी बियाणं शिल्लक राहतं. उन्हाळ्यात नायट्रोजन संपत आला. पुरवठादाराला फोन केला की उत्तर ठरलेलं, "गाडी शीळफाट्याला अडकलीय." ती गाडी तीन आठवडे शीळफाट्याला अडकलेली होती. मामा म्हणाले, "मी रोज थूनच येतो, मला कशी दिसत नाय?" पिंप कोरडं पडलं, कुप्या वितळल्या. आता माजिवडा होता तो फक्त उबवणीच्या कपाटातल्या सहा बाटल्यांत. पिंप भरेपर्यंत मॅडम रविवारीही कल्याणहून येऊ लागल्या.

त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. हिरडीत पू झाला होता. मला पेनिसिलिन चालत नाही, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या, तीनशे मिलिग्रॅमच्या, दिवसातून तीन, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी माझी रक्त द्यायची पाळी आली. सकाळी आठला पोह्यांवर मी कॅप्सूल घेतली. अकरा वाजता खालच्या दवाखान्यातली सिस्टर सुई घेऊन वर आली. फॉर्म समोर होता. नाव, गट, गेल्या पंधरा दिवसांत कोणतंही औषध? आतल्या खोलीतून मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "औषधबिषध काही नाही ना?"

हे औषध मलेरियाच्या परजीवीचं काय करतं ते मला माहीत होतं. त्या प्रयोगशाळेतल्या कुणालाही माहीत होतं. ते त्याला लगेच मारत नाही. ज्याला औषध लागतं तो नीट वाढतो, नीट फुटतो, पिल्लं सोडतो. मरतात ती पिल्लं. पण मी मनातल्या मनात गणित केलं. सीरम दहा टक्के, म्हणजे औषध दहापट पातळ. तीन तास होऊन गेलेत, म्हणजे आणखी कमी. काही होणार नाही. ज्याला यातलं काही कळत नाही असा माणूस सरळ म्हणाला असता, बाई, गोळी चालू आहे माझी. मला कळत होतं, म्हणून मी गणित केलं. आणि खरं सांगायचं तर गणित हे निमित्त होतं. माझ्याकडे तेवढं एकच काम उरलं होतं. नाही म्हटलं असतं तर त्या आठवड्यात माझा तिथे काहीच उपयोग नव्हता.

"नाही, मॅडम," मी म्हणालो, आणि तसं लिहिलं.

मॅडमनी त्या सीरमची पेज केली, सगळंच्या सगळं सीरम एका खेपेत घालून. बुधवारी सहाही बाटल्यांना दिली. शुक्रवारी काच रंगवून बघितली तर परजीवी भरपूर, टपोरे, वेळच्या वेळी फुटलेले. मॅडम चक्क गुणगुणत होत्या. स्नेहल मला कोपराने ढोसून म्हणाली, "अरे, आज काय स्वारी खूश!" मीही सुटकेचा श्वास टाकला. गणित बरोबर होतं म्हणायचं.

रविवारी सकाळी स्नेहलचा फोन आला. "ये. लगेच ये." मी पोचलो तेव्हा मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसल्या होत्या आणि बाजूला हटत नव्हत्या. पाच मिनिटांनी उठल्या, मला म्हणाल्या, "बघा." पेशी होत्या आणि त्यांत काळसर, आकसलेले ठिपके. एकही अंगठी धड नव्हती. सहाही बाटल्यांत तेच. मॅडमनी तरीही ताजं रक्त घातलं, बाहेरून आणलेल्या सीरमची नवी पेज घातली, आठ दिवस रोज काच बघितली. नवव्या दिवशी त्यांनी बाटल्या स्वतः धुतल्या. ते काम माझं होतं, पण मला हात लावू दिला नाही.

मग चौकशी आमच्याकडे वळली. फळ्यावर त्यांनी शक्यता लिहून काढल्या आणि एकेक खोडत गेल्या. उबवणीचं तापमान ठीक होतं. त्याच रक्तपेशी दुसऱ्या परजीवींच्या बाटल्यांत ठीक चालल्या होत्या. "पहिली फेरी छान आणि दुसरीत सगळे खलास. अँटिबायोटिकची लक्षणं आहेत ही," त्या म्हणाल्या. "म्हणजे एक तर सीरममधून आलं किंवा माझ्या हातून." त्या माझ्याकडे वळल्या. चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, लेबलं त्या नाकाशी धरून वाचायच्या. "नीट आठवून सांगा. दाताचं, खोकल्याचं, पोटाचं. कसलंही औषध?"

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मी सांगितलं असतं तर नियमाप्रमाणे माझी एक चिठ्ठी निघाली असती, हेही तेव्हा माझ्या डोक्यात येऊन गेलं. आणि ते इतकं हास्यास्पद वाटलं की खरं सांगणं राहूनच गेलं. नऊ वर्षांचं काम आणि एक चिठ्ठी.

"नाही, मॅडम. काहीच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. अंदाजाने आकडे लिहिणाऱ्यावर! फळ्यावरचं 'सीरम' त्यांनी खोडलं. मग उठून फ्रीजचं दार उघडलं आणि बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. आमच्या अँटिबायोटिकच्या बाटलीशेजारी पलीकडच्या प्रयोगशाळेच्या बाटल्या असायच्या, त्याच आकाराच्या, त्याच झाकणाच्या. त्यांतल्या दोन परजीवीला मारणाऱ्या होत्या.

"मग मीच," त्या म्हणाल्या.

वहीत त्यांनी शाईने लिहिलं: चूक, माझा हात. बाटली चुकली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारावरच्या नावाच्या पाटीवर चार पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, चारही त्यांच्याच अक्षरात. एका चुकीला एकच चिठ्ठी हा नियम त्यांनी स्वतःसाठी मोडला. मामांनी एक गुपचूप काढून टाकली. ती संध्याकाळपर्यंत परत लागली. मामांनी परत काढली. असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी मामांनी नाद सोडला आणि महिन्याभरात मॅडमनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत. त्या दिवशी फुटायला काही उरलेलं नव्हतं, त्यामुळे ते कारणही त्यांना देता आलं नसतं.

मी दुसऱ्या मार्गदर्शकांकडे दुसऱ्या विषयात पीएचडी केली. आता डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजीत गुणवत्ता अधिकारी आहे. म्हणजे इतरांनी फॉर्म नीट भरलाय की नाही ते मी बघतो. हसू येईल असंच आहे हे, पण मला आलेलं नाही.

सहा वर्षं मी गप्प राहिलो. सुरुवातीला वाटायचं, आता सांगून माजिवडा थोडाच परत येणार आहे. मग वाटायचं, त्यांचं निवृत्तीचं वय तसंही जवळच आलं होतं. माणूस स्वतःला सोयीची कारणं पुरवत जातो आणि ती कधी कमी पडत नाहीत. गेल्या श्रावणात स्नेहलचा फोन आला. तिच्या ओळखीच्या एका तरुण शास्त्रज्ञाने नव्या रुग्णांचे परजीवी गोळा करून मॅडमचंच काम पुढे न्यायचं ठरवलं होतं. तो मॅडमना भेटून आला, तुम्ही नुसत्या येऊन बसा, शिकवा, म्हणाला. "मॅडम काय म्हणाल्या माहितीये? म्हणे माझ्या हातांचा भरवसा नाही, माझ्या आजूबाजूला जिवंत काही ठेवू नका. अरे, मला रडूच आलेलं ऐकून."

त्या रविवारी मी रिक्षा करून आधारवाडीला गेलो. जुन्या चाळीच्या जागी इमारत झालेली होती. दार मॅडमनीच उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेले, चष्मा बदललेला. "या. चपला आत घ्या, खालचं कुत्रं नेतं," त्या म्हणाल्या. हॉलमध्ये सतरंजी होती, भिंतीला एक फळा. दुपारी नववी-दहावीच्या मुली विज्ञान शिकायला येतात, असं त्यांनी सांगितलं. आईचा फोटो भिंतीवर होता. त्याखाली बुद्धाची छोटी मूर्ती. आई गेल्याचं मला माहीत नव्हतं.

मी चहा होऊ दिला नाही. बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, खाली बघत. दाढ, कॅप्सूल, पोहे, फॉर्म. आणि दुसऱ्यांदा बोललेलं खोटं.

मॅडमनी विचारलं, "कितीची कॅप्सूल?"

"तीनशे."

"कितवा दिवस?"

"तिसरा."

"शेवटची घेतल्यावर किती तासांनी रक्त दिलंत?"

"तीन."

त्यांचे ओठ हलले. बोटांची पेरं मोजत त्यांनी हिशेब केला. मी सहा वर्षांपूर्वी केला होता तोच, पण बरोबर. "दहापट पातळ करूनही पुरून उरतं," त्या म्हणाल्या. "कितीतरी पटींनी." आणि मग, "म्हणजे बाटली बरोबर होती."

"हो, मॅडम."

"मी बरोबर बाटली उचलली होती."

"हो."

मला वाटलं होतं त्या ओरडतील. काहीतरी फेकून मारतील तर बरं, असंही वाटलं. त्या स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या होत्या. मग फळ्याकडे बघत, मुलींना शिकवताना बोलत असतील तशा आवाजात बोलायला लागल्या.

"माजिवड्याचं सोडा. असले परजीवी पुढे दुसऱ्यांना सापडले, काम झालं, माझा कयास बरोबर निघाला. मी वाचलं ते सगळं. त्याचं मला काही नाही." त्या फोटोकडे वळल्या. "आई शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होती. दिवसाला सात गोळ्या असायच्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या, हृदयाच्या, सगळ्या सारख्याच पांढऱ्या. मी एकही दिली नाही. शेजारची कॉलेजची मुलगी यायची, ती वाचून द्यायची. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, स्वच्छ दिसायला लागलं, तरी तीच द्यायची. मी डबी उचलायचे आणि परत ठेवायचे."

बाहेर जिन्यात मुलींचे आवाज यायला लागले होते.

"आई म्हणायची, परक्या पोरीला कशाला त्रास देतेस गं, तू दे ना. तुझ्या हातनं घेते मी. रोज म्हणायची. तिला वाटायचं मला तिचा कंटाळा आलाय. शेवटी शेवटी तिने म्हणायचं सोडलं."

त्या उठल्या. मीही उठलो. चपला घालताना माझा पाय सारखा चुकत होता. दारात वह्या घेतलेल्या दोन मुली उभ्या होत्या, मॅडमनी त्यांना आत घेतलं.

"मॅडम, मला माफ करा," मी म्हणालो.

"आईला जाऊन दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.